धुळीची साक्ष

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यातले हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी दूरवर परिचित आहे. पैंजण, जोडवी, करदोडे, साखळ्या घडविण्याचा उद्योग तेथे घराघरांतून चालतो. एकजण चांदी आटवितो, दुसरा तार ओढतो, तिसरा कड्या जुळवितो, चौथा त्या झाळतो आणि पाचवा त्यांना झिलई देतो. या उद्योगाचा एक नियम बाहेरच्या माणसास चमत्कारिक वाटेल. कामाच्या जागेतील केर तेथे उकिरड्यावर जात नाही. कानशीचा कीस, भट्टीतील राख, फुटक्या मुशीची खापरे, जमिनीवरची माती हे सारे राखून ठेवले जाते, कारण त्यात चांदी असते. सोनार-कारागिरांकडील अशी माती विकत घेऊन, ती धुऊन, भाजून, आटवून तिच्यातील धातू वेगळा काढणे हा झारेकऱ्यांचा पिढीजात व्यवसाय होय. अन्यत्र ज्या वस्तूस कवडीची किंमत नाही, तिला येथे रीतसर बाजारभाव आहे. आणि तो भाव ठरतो तो धुळीत काय दडले आहे हे जाणणाऱ्याच्या ज्ञानावरून.

गुन्ह्याच्या तपासाचे एक संपूर्ण शास्त्र नेमक्या याच जाणिवेवर उभे आहे. काचेची कणी, कापडाचा धागा, वहाणेच्या तळाला चिकटलेली माती, रक्ताचा थेंब, एखादा केस, रंगाचा पापुद्रा, बोटाचा ठसा, झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी या वस्तू सामान्य दृष्टीला केराइतक्याच निरुपयोगी. जाणत्या अन्वेषकाला मात्र त्यांतून घटना कशी घडली आणि तेथे कोण होते याचा माग लागतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने या शास्त्राला प्रथमच अनिवार्य स्थान दिले आहे. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा व त्या प्रक्रियेचे चित्रीकरण व्हावे, असे तिचे कलम १७६ सांगते. ही तरतूद लागू करण्यासाठी राज्यांना कमाल पाच वर्षांची मुदत आहे. कायदा स्वागतार्ह आहे यात शंका नाही. परंतु धुळीचे मोल हुपरीच्या कारागिराला जसे कळते तसे ते शासनयंत्रणेला आणि समाजाला कळले आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

स्पर्शाची देवाणघेवाण

ऑस्ट्रियातील एक दंडाधिकारी हान्स ग्रोस यांनी १८९३ साली अन्वेषकांसाठी एक हस्तपुस्तक प्रसिद्ध केले. साक्षीदारांच्या स्मृतीवर विसंबण्यापेक्षा वस्तूंना प्रश्न विचारावेत, हा त्यातील आग्रह. पुढे १९१० साली फ्रान्समधील लिऑन येथे एदमाँ लोकार यांनी न्यायालयाच्या इमारतीतील पोटमाळ्यावर पोलिसांसाठी एक लहानशी प्रयोगशाळा थाटली. दोन वस्तूंचा स्पर्श झाला की त्यांच्यात काही ना काही देवाणघेवाण होतेच, हे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व आज या शास्त्राचा पाया मानले जाते. चोर खिडकीतून आत शिरतो तेव्हा तो आपल्या सदऱ्याचा धागा चौकटीला देऊन जातो आणि चौकटीचा रंग आपल्या बाहीवर घेऊन जातो. हा व्यवहार त्याच्या इच्छेवर अवलंबून नसतो आणि बहुधा त्याच्या ध्यानीही येत नाही.

लोकार यांच्या आरंभीच्या प्रकरणांपैकी एक हुपरीकरांना सहज उमजावे असे आहे. खोटी नाणी पाडणाऱ्या एका टोळीवर पोलिसांचा संशय होता. पुरावा मात्र नव्हता. लोकार यांनी संशयितांचे कपडे मागवून घेतले, त्यांचे खिसे व बाह्या झटकून धूळ जमा केली आणि तिचे रासायनिक पृथक्करण केले. तीत शिसे, कथील आणि अँटिमनी यांचे कण सापडले. खोट्या नाण्यांत नेमके हेच धातू होते आणि त्यांचे परस्परप्रमाणही तेच होते. धातूचा टंच काढण्याची जी विद्या सराफ रोज वापरतो, तीच येथे माणसाच्या बाहीवर लावली गेली.

गावातला कण आणि परगावचा कण

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानी घ्यावयास हवा. तो विसरल्याने न्यायालयात अनेकदा अनर्थ घडतात. समजा, एखाद्या चांदीच्या चोरीत एका इसमाच्या सदऱ्यावर चांदीचे कण सापडले. तो इसम कोकणातल्या एखाद्या मासेमारीच्या गावचा असेल, तर हे कण फार मोठ्याने बोलतील. तो हुपरीचा असेल, तर ते जवळजवळ मुके आहेत. कारण तेथे कारागिराच्या, त्याच्या बायकोच्या, शेजाऱ्याच्या, किंबहुना शाळेतून घरी येऊन कामाच्या जागेत बसणाऱ्या मुलाच्या कपड्यांवरही ते असणारच. कण तोच, धातू तोच, पृथक्करणही तितकेच अचूक. पण पुरावा म्हणून त्याचे मोल दोन ठिकाणी सर्वस्वी भिन्न. मोल दुर्मिळतेवरून ठरते हा अर्थशास्त्राचा पहिला धडा पुराव्याच्या शास्त्रालाही लागू पडतो.

म्हणूनच तज्ज्ञाला नुसते 'जुळते काय?' असे विचारून भागत नाही. 'जुळते, पण असे आणखी किती जणांशी जुळले असते?' हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच अगत्याचा आहे. धागा, माती, काच, रंग यांवरून बहुधा वर्ग कळतो: हा धागा अशा प्रकारच्या कापडाचा आहे, एवढेच. बोटांचा ठसा वा जनुकीय नमुना व्यक्तीच्या पुष्कळच जवळ नेतो. पहिल्या प्रकारचा पुरावा एकटा आला तर तो केवळ संशयाची दिशा दाखवितो. मात्र असे पाच निरनिराळे धागे एकाच माणसाकडे येऊन मिळाले, तर त्या सर्वांचा योगायोगाने मेळ बसण्याची शक्यता झपाट्याने घटत जाते. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कोठेही तुटता कामा नये आणि तिने आरोपीच्या निर्दोषतेची प्रत्येक वाजवी शक्यता निकालात काढली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात बजावले. तेथे घालून दिलेल्या पाच कसोट्यांना न्यायालयानेच 'पंचशील' म्हटले आणि आजही प्रत्येक कनिष्ठ न्यायालय त्यांचा आधार घेते.

हे शास्त्र परके नाही

सूक्ष्म पुरावा ही पाश्चात्त्यांकडून नुकतीच उसनी घेतलेली चीज आहे, असा समज असेल तर तो इतिहासाला धरून नाही. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारपत्रावर घेतला. १८९७ साली कलकत्त्यात अंगुलिमुद्रा विभाग स्थापन झाला, आणि ठशांच्या वर्गीकरणाची जी पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, तिच्या घडणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा वाटा मोठा होता. मुंबईत रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा १८७० सालीच निघाली होती. महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुका न्यायालयात ज्याचा उल्लेख 'सी. ए. रिपोर्ट' असा होतो, त्या अहवालाचे मूळ त्या काळापर्यंत मागे जाते. राज्याची स्वतंत्र न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा १९५८ साली मुंबईत आली. आज तिच्या प्रादेशिक शाखा नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि खुद्द कोल्हापूर येथे आहेत.

१९६८ साली मुंबईच्या उपनगरांत उघड्यावर व झोपड्यांत निजलेल्या गरिबांच्या हत्यांनी शहर हादरले होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये पकडलेल्या इसमाच्या कपड्यांवर रक्ताचे डाग आणि जोड्यांवर चिखल आढळला. त्याने अनेक नावे धारण केली होती. परंतु बोटांचे ठसे जुन्या पोलिसी नोंदींशी ताडून पाहताच तो रमण राघव असल्याची निश्चिती झाली. नावे बदलता येतात, ठसे बदलत नाहीत. त्याआधी १९६१ साली, मुंबई राज्याच्या काठी कालू ओघड खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असा निर्वाळा देऊन या पद्धतीचा घटनात्मक मार्गही मोकळा केला होता.

कबुली स्वस्त, कण महाग

दीडशे वर्षांची ही परंपरा असूनही आपल्याकडील तपास आजही पुष्कळदा कबुलीभोवतीच का घोटाळतो? पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याने सांगितले आणि २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तेच कायम ठेवले. तथापि आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर माहितीचा तेवढा भाग ग्राह्य ठरतो. या एका फटीतून तपासाचे सारे वजन पुन्हा आरोपीच्या तोंडून काही वदवून घेण्याकडे झुकते. यामागे निव्वळ दुष्टपणा आहे असे मानण्याचे कारण नाही. खर्चाचा हिशेब आहे. ठाण्यात एका माणसाला दोन दिवस बसवून ठेवण्यास फारसे काही लागत नाही. घटनास्थळ दोरीने वेढणे, हातमोजे घालून धागा उचलणे, प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात घालून मोहोरबंद करणे आणि प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट पाहणे याला वेळ, साहित्य, शिक्षण व पैसा लागतो. ज्या व्यवस्थेत स्वस्त मार्गाला दंड नाही आणि महाग मार्गाला बक्षीस नाही, तेथे लोक स्वस्त मार्गच निवडणार.

या स्वस्ताईचे मोल कोण मोजतो? ते मोजतो गावाच्या कडेला पाल ठोकून राहणारा माणूस. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली आला, १९११ नंतर तो देशभर लागू करण्याची सोय झाली आणि स्वतंत्र भारताने १९५२ साली तो रद्द केला. कायदा गेला, सवय मात्र राहिली. चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या वा अन्य भटक्यांच्या पालावर जाण्याची प्रथा महाराष्ट्राला अपरिचित नाही. जन्मावरून संशय घेणे ही तपासाची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अन्यायकारक पद्धत होय. काचेच्या कणीला जात नसते, बोटाच्या ठशाला आडनाव नसते. सूक्ष्म पुराव्याकडे केवळ गुन्हेगार पकडण्याचे साधन म्हणून पाहणे अपुरे आहे. निरपराध माणसाच्या पाठीवरची काठी दूर करण्याचेही ते साधन आहे, आणि लोकशाहीच्या दृष्टीने हा दुसरा उपयोग पहिल्याहून कमी महत्त्वाचा नाही.

तोलून द्यावे, तोलून घ्यावे

परंतु पुरावा नुसता सापडून भागत नाही. तो जसाच्या तसा न्यायालयापर्यंत पोहोचला पाहिजे. येथे पुन्हा हुपरीचा व्यवहार आठवावा. व्यापारी कारागिराला चांदी देतो ती तोलून. दागिना परत येतो तोही तोलून. घट किती गेली याची नोंद होते. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक वेळी वजन होते, म्हणूनच इतक्या हातांतून फिरूनही मालाचा हिशेब लागतो. तपासातील मुद्देमालाच्या बाबतीत याच शिस्तीला ताब्याची साखळी म्हणतात. कोणी उचलले, कोणत्या तारखेस मोहोर केली, ठाण्यात कोठे ठेवले, कोणी व केव्हा प्रयोगशाळेत नेले, याची अखंड नोंद.

ही साखळी तुटली म्हणजे काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२३ च्या निकालावरून दिसते. ठाणे जिल्ह्यात २०१० साली झालेल्या एका बालिकेच्या अत्याचार व हत्येच्या त्या प्रकरणात सत्र न्यायालयाने आरोपीस फाशी सुनावली होती आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने तपासातील उणिवांवर बोट ठेवले. नमुने प्रयोगशाळेकडे धाडण्यात झालेल्या विलंबाचे समाधानकारक स्पष्टीकरण नव्हते. मधल्या काळात त्यांत भेसळ झाली नसेलच, असे सांगता येत नव्हते. आरोपीची मुक्तता झाली. त्या बालिकेला न्याय मिळाला नाही, आणि आरोपीची वर्षे फाशीच्या छायेत गेली. दोन्ही बाजूंनी न्यायाचा पराभव झाला. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका खटल्याच्या निमित्ताने याच न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. जनुकीय नमुने अठ्ठेचाळीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावेत, विलंब झाल्यास कारण नोंदवावे आणि नमुन्याच्या प्रत्येक हालचालीची नोंदवही ठेवावी. पैंजणाच्या व्यवहारात जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते, ती माणसाच्या जीविताच्या व्यवहारात पाळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयास आदेश काढावे लागावेत, यापरते वैगुण्य कोणते?

तज्ज्ञही माणूसच

याचा अर्थ प्रयोगशाळेचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य, असे मात्र नव्हे. खुद्द कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी ज्येष्ठ विचारवंत व कामगार नेते गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. शस्त्राच्या टोकाने काडतुसाच्या बुडावर उमटविलेल्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहण्याच्या पद्धतीमुळे येथील पुंगळ्यांची तुलना पुण्यातील डॉ. नरेंद्र दाभोलकर व धारवाडचे प्रा. एम. एम. कलबुर्गी यांच्या हत्यांतील पुंगळ्यांशी होऊ शकली. दोन राज्यांतील आणि तीन शहरांतील घटनांचा एकत्रित विचार करण्यास या इवल्याशा खुणांनी आधार दिला, हे या शास्त्राचे सामर्थ्य. परंतु मुंबई व बंगळूर येथील प्रयोगशाळांच्या मतांत अंतर पडल्याने तिसऱ्या मताचा विचार करावा लागला, ही त्याची मर्यादाही त्याच प्रकरणाने दाखविली. त्या खटल्यांच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. दोन जाणकार एकाच खुणेकडे पाहून निरनिराळे बोलू शकतात, एवढा बोध पुरेसा आहे.

अमेरिकेचा अनुभव याहून कठोर आहे. तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात न्यायसहायक विज्ञानाच्या अनेक शाखांचा शास्त्रीय पाया तपासला गेलेला नाही, असे परखडपणे नमूद केले. २०१५ साली तेथील केंद्रीय अन्वेषण संस्थेनेच मान्य केले की, सूक्ष्मदर्शकाखाली केसांची तुलना करून तिच्या तज्ज्ञांनी दिलेल्या ज्या साक्षी तपासल्या गेल्या, त्यांतील किमान नव्वद टक्के साक्षींत चुकीची वा अतिरंजित विधाने होती. केस खोटे बोलले नव्हते. केसांविषयी बोलणाऱ्याने आपल्या ज्ञानापेक्षा अधिक खात्री दाखविली होती. म्हणून आरोपीच्या वकिलालाही तज्ज्ञाची उलटतपासणी घेता येण्याइतके विज्ञान कळले पाहिजे, आणि ऐपत नसलेल्या आरोपीस शासनाच्या खर्चाने दुसऱ्या तज्ज्ञाचे मत मिळाले पाहिजे. कसोटीच्या दगडाचीही अधूनमधून कसोटी लागावी, हे यातील मर्म.

करावयाचे काय?

महाराष्ट्राने २०२५ च्या प्रारंभी फिरत्या न्यायसहायक प्रयोगशाळांच्या वाहनांचा उपक्रम सुरू केला, हे योग्य दिशेचे पाऊल आहे. तथापि वाहन पोहोचेपर्यंत घटनास्थळ शाबूत राखणारा पहिला माणूस हा जवळच्या ठाण्याचा शिपाई असतो. दरवाजाची मूठ पुसली जाण्याआधी आणि अंगणातील पाऊल तुडविले जाण्याआधी तोच तेथे असतो. त्याला हातमोजे, पाकिटे, दोरी आणि चार दिवसांचे खरे प्रशिक्षण देण्याचा खर्च एका वाहनाच्या किमतीपुढे नगण्य आहे, आणि त्यातून होणारा लाभ मात्र सर्वांत मोठा. दुसरी गरज मनुष्यबळाची. राज्यात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था विद्यार्थी घडवीत आहेत. त्या पदवीधरांना नियमित वेतनश्रेणीची पदे द्यावयाची की कंत्राटावर राबवून घ्यावयाचे, यावर नव्या कायद्याचे भवितव्य बरेचसे अवलंबून राहील. तिसरी गोष्ट हिशेबाची. प्रत्येक प्रयोगशाळेत किती नमुने आले, किती निकाली निघाले आणि किती काळ पडून आहेत, हे आकडे जिल्हावार दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. विधिमंडळाने मागितल्यावर नव्हे, तर अर्थसंकल्पाबरोबर आपणहून.

चौथी गोष्ट नागरिकांची आहे आणि तिला पैसा लागत नाही. घरफोडी झाली की अर्धा गाव आत शिरून कपाटाला हात लावून येतो. शेजारधर्माच्या भावनेने सांडलेले आवरले जाते, रक्त धुतले जाते, तुटलेले कुलूप उचलून पाहिले जाते. या मायेपोटीच कित्येक पुरावे नष्ट होतात. पंच म्हणून बोलावणे आले की हीच माणसे मागच्या दाराने निघून जातात आणि मग ठाण्याच्या ओळखीतलाच कोणी पंचनाम्यावर सही करतो. असा पंच पुढे न्यायालयात उलटला, तर दोष एकट्या पोलिसांचा नसतो. शाळेतील शिक्षक, कचेरीतील कारकून, महाविद्यालयातील विद्यार्थी हे पंच म्हणून उभे राहतील, वाचल्याखेरीज सही करणार नाहीत आणि पाहिले तेवढेच सांगतील, तर कोणत्याही यंत्रापेक्षा मोठी भर तपासात पडेल.

नव्या संहितेने दिलेली मुदत २०२९ च्या मध्यास संपते. तोवर प्रत्येक पोलीस ठाण्यात धूळ गोळा करणारा एक शिक्षित हात, ती तोलून देण्याघेण्याची एक नोंदवही आणि तिचा टंच वेळेत सांगणारी एक प्रयोगशाळा असणे, ही अवाजवी अपेक्षा खासच नाही. ती पूर्ण झाली नाही, तर कलम पुस्तकात राहील आणि तपास पूर्वीप्रमाणेच गावाबाहेरच्या पालाकडे वळेल.